कोकणच्या पावसात गेटर: आवाज न करणारे, पाणी न घेणारे कसे निवडायचे

बुटाचं तोंड झाकून पोटरीपर्यंत चढणारं कापडी कवच म्हणजे गेटर. परदेशात शिकाऱ्यांसाठी ते मुद्दाम मऊ, न कुरकुरणाऱ्या कापडात शिवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकार बंद आहे. सापळा लावणं, जनावर हाकणं, आमिष दाखवणं हेसुद्धा त्या कायद्यात शिकारीतच धरलं आहे. पण तिबोटी खंड्या पक्ष्याची वाट बघत बसणाऱ्याला, रात्री बॅटरी घेऊन बेडूक शोधणाऱ्याला किंवा सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, फुलांची नोंद करणाऱ्याला अशा गेटरची तेवढीच गरज असते. हा लेख त्यांच्यासाठी.

गेटर घेताना बहुतेक जण लेबलवरचा वॉटरप्रूफचा आकडा बघतात आणि तिथेच फसतात. कोकणात पाणी कापडातून फार कमी वेळा शिरतं. ते येतं वरच्या कडेतून, पँटवरून ओघळून, नाहीतर खालून बुटाच्या जिभेजवळून. आवाजाचंही तसंच आहे. कापड थोडं कुरकुरतं हे खरं, पण जास्त आवाज करतात ते हूक, बकल, लोंबणारी पट्टी आणि एकमेकांना घासणारे घोटे. म्हणून आधी जागा, मग माप, मग आवाज आणि सर्वात शेवटी कापडाचे आकडे, या क्रमाने जावं.

कुठे जाणार त्यावर उंची

आंबोलीसारख्या सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या ठिकाणी, तिलारीच्या जंगलात किंवा दाट देवराहाटीत, म्हणजे देवराईत, गुडघ्याखालपर्यंत येणारे, म्हणजे ४० ते ४५ सेंटिमीटर उंचीचेच गेटर घ्या. तिथे ओली कारवी, रानमोडी आणि कमरेएवढं गवत पाणी थेट मांडीवर आणि पोटरीवर पुसतं, शिवाय जळवा असतात. त्यापेक्षा कमी उंचीचे घेतले तर ओल्या पँटचं पाणी त्यांच्या वरच्या कडेशी साचतं आणि मोज्यात उतरतं.

रत्नागिरी, देवगडकडच्या कातळसड्यांवर जून-जुलैत गवत घोट्याएवढंच असतं, तिथे २० ते २५ सेंटिमीटरचे आखूड गेटर पुरतात आणि गरमही कमी होतं. मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत फुलून कुसळं धरतं, तेव्हा पुन्हा उंच लागतात. सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो. साधं कापडी गेटर साप चावण्यापासून वाचवतं असं समजू नका. त्यासाठी वेगळे, चाचणी केलेले जाड गेटर मिळतात आणि ते जड, ताठ आणि आवाज करणारे असतात. दगड उलटू नका, बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. दंश झालाच तर पाय हलवू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा. चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका.

भाताच्या मळ्यात, खाजणात किंवा कांदळवनात जायचं असेल तर गेटरचा विचारच सोडा. नडगीभर पाण्यात गमबूटच बरा. गमबुटाची अडचण एकच, चालताना त्याचं मोकळं तोंड पोटरीवर फटक-फटक आपटतं आणि पाऊस आत पडतो. आखूड, मऊ गेटर गमबुटाच्या वरच्या कडेवर अर्धं चढवून दोरीने ओढून घेतलं की दोन्ही प्रश्न सुटतात. गमबुटाला खालून पट्टी अडकवायची गरज नाही.

दोडामार्गकडे जाणाऱ्यांसाठी थोडं विषयांतर. दोडामार्ग तालुक्यातल्या तिलारी खोऱ्यात हत्ती आणि गवे वावरतात. तिथल्या दाट झाडीत पावलांचा आवाज अजिबात न करता वळण घेणं शहाणपणाचं नाही. स्थानिक वाटाड्या बरोबर घ्या आणि तो बोलत चालला तर त्याला गप्प करू नका.

माप: बुटाचा नंबर पुरेसा नाही

कंपन्या गेटरचं माप बुटाच्या नंबरावरून देतात. पोटरीचा घेर त्यात नसतो, आणि खरी गडबड तिथेच होते. जी पँट घालून जाणार ती घाला, जळूमोजे (जळू आत येऊ न देणारे दाट विणीचे मोजे) वापरणार असाल तर तेही चढवा, आणि शिवणकामाच्या टेपने तीन मापं घ्या: पोटरीचा सर्वात जाड भाग, गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटं सोडून असलेला घेर, आणि जमिनीपासून तिथपर्यंतची उंची. घेरात दोन ते तीन सेंटिमीटर जास्त धरा, कारण ओली पँट फुगते आणि चढावर पोटरीही.

सैल गेटर दोन्ही कामांत नापास होतं. घोट्याजवळ गोळा झालेलं कापड आतल्या बाजूने दुसऱ्या पायाला घासतं आणि प्रत्येक पावलाला सर्र-सर्र करतं. फार घट्ट असेल तर बसून उठताना वरची कड पोटरीत रुतते, आणि तासाभराने माणूस ती सैल करतोच. मग पाणी आणि जळू दोघांनाही वाट मोकळी.

दुकानात बूटही सोबत न्या. गेटरचा पुढचा हूक बुटाच्या नाडीच्या सर्वात खालच्या आडव्या पेडात अडकतो. खालची पट्टी टाचेच्या पुढे, तळव्याच्या खोबणीत बसली पाहिजे. सपाट तळव्याच्या बुटाला ही खोबण नसते, त्यामुळे पट्टी थेट जमिनीवर घासते. जांभ्या दगडावर अशी पट्टी फार लवकर झिजते. तेव्हा गेटर घ्यायच्या आधी बुटाचा तळवा उलटा करून बघा. टाच आणि पुढचा भाग यांच्यात किमान एक सेंटिमीटर खोली हवी.

आवाजाची परीक्षा

जोराच्या सरीत कुणालाच काही ऐकू येत नाही, तुम्ही ताडपत्री नेसून गेलात तरी चालेल. आवाज महत्त्वाचा ठरतो तो उघडिपीत. सर थांबते, पानांवरून फक्त थेंब टपकत असतात, भेकर किंवा पक्षी बाहेर येतो, आणि तेव्हाच तुमचं एक पाऊल ऐकू जातं. त्यामुळे गेटरची परीक्षा ओल्या अवस्थेत करायला हवी. दुकानात ते शक्य नसतं, म्हणून परत करता येईल अशा अटीवर घ्या आणि घरी बघा.

पहिली परीक्षा हिराची. नारळाच्या झाडूतला एक हीर घ्या, गेटर पायात घाला आणि हीर वरून खाली, कापडाला हलका दाबून ओढा. झाडीतून चालताना काटक्या हेच करणार आहेत. गुळगुळीत, लेप दिलेलं नायलॉन खर्रर करतं आणि तो आवाज शांत झाडीत लांबवर जातो. वरून हलकी लव उठवलेलं पॉलिएस्टर फक्त सुस्स करतं. मग नखाने खरवडा, हाताने कानाजवळ चुरगळा. दोन वेळा पाण्यात बुडवून, झटकून हाच प्रयोग करा. काही कापडं सुकी असताना मऊ वाटतात आणि ओली झाल्यावर आतला लेप कापडाला चिकटून चट्चट् सुटायला लागतो. अशी जोडी परत करा.

दुसरी परीक्षा चालण्याची. घरात पंखा बंद करा, दिवे मालवून घरातल्या कुणाला तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवा आणि नेहमीच्या चालीने चाला. मग गुडघ्यावर बसा, उठा, वळा. बसणाऱ्याने सांगायचं की कोणत्या हालचालीला आवाज आला. आपलं आपल्याला नीट कळत नाही, डोक्यात श्वासाचाच आवाज भरलेला असतो.

आता सामान. पुढचा धातूचा हूक नाडीच्या कडीवर आपटून किणकिणतो. इलेक्ट्रिकच्या दुकानातली, गरम केल्यावर आकसणारी हीट श्रिंक ट्यूब त्यावर सरकवून लायटरने गरम करा, आवाज बंद. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला तरी चालतो. पट्टीचं उरलेलं शेपूट १० सेंटिमीटरच ठेवून कापा, टोक लायटरने वितळवा आणि दुमडून दोन टाके घाला, म्हणजे ते फडफडत नाही आणि बकलमधून निसटतही नाही. चेन असेल तर तिचा धातूचा लटकन काढून तिथे जाड दोरीची गाठ बांधा.

वेल्क्रो बंद असताना शांत असतं, उघडताना मात्र आख्खा व्हाळ (ओढा) दणाणतो. त्यावर उपाय नाही, शिस्त आहे: गाडीतून उतरल्यावर, जंगलात शिरायच्या आधी सगळं एकदा नीट बसवा आणि नंतर हात लावू नका. वेल्क्रो पुढच्या बाजूला हवं आणि किमान चार-पाच सेंटिमीटर रुंद. मागच्या बाजूची चेन बसवायला अवघड, आणि आपल्याकडचा तांबडा चिखल तिच्या दातांत एकदा वाळला की ती ओढणं म्हणजे कसरत. वरच्या कडेला दोरी आणि स्प्रिंगवाला लॉक असतो तो बोटाने हळू सोडला तर शांत राहतो. दोन बाजूंनी दाबायचं प्लास्टिक बकल टाळा, त्याचा टक् आवाज वेगळाच ओळखू येतो.

बेडूक बघणाऱ्यांनी हे सगळं थोडं हलकं घ्यावं. बेडूक गप्प होतात ते कापडाच्या आवाजापेक्षा जमिनीला बसणाऱ्या हादऱ्याने आणि अंगावर पडलेल्या प्रकाशाने. तिथे मऊ पाऊल आणि मंद बॅटरी गेटरपेक्षा कामाची.

कापड आणि लेप

आपल्या ट्रेकिंगच्या दुकानांत मिळणारे बरेचसे गेटर बर्फासाठी बनवलेले असतात. ताठ नायलॉन, चकचकीत लेप, मोठे हूक. बर्फ झटकला जातो म्हणून तिथे ते योग्यच. कोकणात ते कुरकुरतात आणि आतून घामाने भिजवतात.

कोकणासाठी दोन कापडांचं गेटर उत्तम. खालचा एक तृतीयांश भाग, विशेषतः आतला घोटा, ५०० ते १००० डेनियरच्या (हे धाग्याच्या जाडीचं माप) जाड नायलॉनचा असावा, कारण तिथे बूट, जांभा आणि काट्यांचा मार बसतो. वरचा दोन तृतीयांश भाग लव असलेल्या मऊ पॉलिएस्टरचा, आतून पातळ वॉटरप्रूफ पडदा लावलेला. पडदा मधल्या थरात आणि आत जाळीदार अस्तर असेल, म्हणजे तीन थर एकत्र चिकटवलेले असतील तर सर्वात शांत. पडदा वेगळा लोंबत असेल तर तो आत सळसळतो.

वॉटरप्रूफपणाचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ ठेवला तर पाणी झिरपतं, ते तो सांगतो. पडणाऱ्या पावसाला फार मोठा आकडा लागत नाही. ओल्या जमिनीवर गुडघा टेकून फोटो काढताना मात्र दाब बराच वाढतो. ५,००० चालतो, १०,००० असेल तर निर्धास्त. त्यावरचे आकडे पोटरीसाठी पैसे वाया. त्यापेक्षा आत शिवणींवर पट्टी चिकटवली आहे का ते बघा. नसेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येईल, कापडाचा आकडा काही का असेना.

"ब्रीदेबल" म्हणजे हवा खेळणारं कापड. या शब्दावर जुलैत फार विसंबू नका. आतली वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. कोकणात पावसाळ्यात बाहेरच आर्द्रता नव्वदीच्या आसपास असते, मग वाफ जाणार कुठे? ती आतच पाणी होऊन बसते आणि माणसाला वाटतं गेटर गळलं. दुपारी विसावा घेताना वरची दोरी सैल करून हवा घेणं, हा पडद्यापेक्षा भरवशाचा उपाय.

मऊ कापडाची किंमतही मोजावी लागते, ते पाणी धरतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोरडी जोडी तोला, पाच मिनिटं बादलीत बुडवा, दहा मिनिटं टांगून ठेवा आणि पुन्हा तोला. वजन दीडपटीच्या पुढे गेलं तर ती जोडी दिवसभराच्या चालीला जड होईल. आपल्याकडे कडाक्याची थंडी नसल्यामुळे थंडीत लेप ताठ होण्याची परदेशी तक्रार इथे लागू नाही. इथला शत्रू दमटपणा आहे, त्याबद्दल पुढे.

रंग? झाडाच्या पानांची नक्षी छापलेलं कापड घ्यायची गरज नाही, पक्षी हालचाल टिपतात. फिकट खाकी किंवा राखाडी घ्या, त्यावर चढणारी जळू आणि गोचीड लगेच दिसते. बॅटरीत चमकणारा लोगो असेल तर त्यावर कापडी तुकडा शिवा.

घालायचा क्रम

आतून बाहेर असा क्रम लावा: साधा मोजा, त्यात पँटचं टोक, वरून दाट विणीचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे, बूट, मग गेटर. गेटर जळू थांबवत नाही, ती नाडीच्या भोकांतून आणि खालच्या कडेखालून आत घुसते. तिला थांबवतात ते जळूमोजे. चढलीच तर नखाने तिच्या बारीक टोकाकडून सरकवून सोडवा. मीठ, तंबाखूचं पाणी, चुना हे उपाय कोकणात सर्रास चालतात, पण हाताला ते लागलेलं असताना बेडकाला हात लावू नका, त्याची कातडी सगळं शोषून घेते. डीट हे कीटक पळवणारं रसायन असलेलं मलम वापरत असाल तर ते गेटरच्या प्लास्टिक बकलला आणि इलॅस्टिकला लागू देऊ नका, डीटने काही प्रकारचं प्लास्टिक विरघळतं.

पावसाची पँट गेटरच्या आत की बाहेर यावर लोक वाद घालतात. उत्तर पावसावर आहे. वरून धो-धो पाऊस असेल तर पावसाची पँट गेटरच्या बाहेर घ्या, म्हणजे पाणी गेटरवरून खाली ओघळतं. पँट आत खोचली तर तेच पाणी नळीसारखं बुटात उतरेल. पाऊस नाही, फक्त गवत ओलं आहे, तेव्हा गेटर बाहेर. बाहेर घेतलेली पँट घोट्याशी आवाज करते, म्हणून उघडीप झाली की ती काढून टाकणं बरं.

हूक आधी, मग खालची पट्टी, मग पुढचं वेल्क्रो खालून वर, आणि शेवटी वरची दोरी. डाव्या-उजव्या पायाची अदलाबदल झाली तर बकल आतल्या बाजूला येतात आणि एकमेकांत अडकून माणूस तोंडावर पडतो. बकल नेहमी बाहेरच्या बाजूला.

न्हाणीघरातली परीक्षा

जंगलात जायच्या आधी हे एकदा कराच. बूट, मोजे, गेटर सगळं घाला. जाताना जसं घालणार अगदी तसंच. मोज्याच्या चार बाजूंना, म्हणजे पुढे, मागे, आत आणि बाहेर, टिश्यू पेपरच्या पट्ट्या खोचा. मग न्हाणीघरात उभं राहून मांडीपासून खाली, तांब्याने सावकाश दहा मिनिटं पाणी ओता. मध्येच गुडघे वाकवा, चालल्यासारखे पाय उचला.

पट्ट्या काढून बघा. चारी पट्ट्या वरच्या टोकाला ओल्या असतील तर वरची कड सैल आहे किंवा पँट चुकीच्या बाजूला आहे. फक्त पुढची पट्टी मधोमध ओली असेल तर वेल्क्रोच्या आत पाणी अडवणारी दुसरी झडप नाही. एका उभ्या रेषेत ओल असेल तर ती शिवण आहे, तिथे सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारा लेप, लावा. पॉलियुरेथेनचा लेप असेल तर पॉलियुरेथेनचाच सीलर, सिलिकॉनचा लेप असेल तर सिलिकॉनचा, नाहीतर तो साल सुटावी तसा निघतो. खालची टोकं ओली म्हणजे पाणी बुटाच्या जिभेवरून आलं, त्यात गेटरचा दोष नाही. बुटाला जिभेच्या दोन्ही बाजूंना शिवलेली घडी नसेल तर कोणतंही गेटर त्याला वाचवू शकत नाही.

आणि पाण्याशिवाय, कोरड्या गेटरने वीस मिनिटं जिने चढून-उतरून पट्ट्या दमट झाल्या तर तो घाम. तो आणि गळती यात गल्लत करू नका.

पाऊस संपेपर्यंत टिकवायचं तर

आल्यावर चिखल वाळायच्या आत साध्या पाण्याने धुवा, वेल्क्रो जुन्या टूथब्रशने घासा. खाडीकडून आलात तर हे त्याच रात्री, कारण खाऱ्या पाण्याने हूक आणि कड्या गंजतात. धुताना फॅब्रिक कंडिशनर नको, पाणी झटकण्याचा गुण तो मारून टाकतो. एका पाणथळीतला चिखल दुसऱ्यात नेऊ नका. बेडकांना मारणारी बुरशी आणि तणांचं बी त्यातूनच पसरतं.

वाळवायचं ते पंख्याखाली, उलटं करून. चुलीवरच्या दांडीवर टाकायचा मोह होतो, पण उष्णतेने लेप सुटतो आणि धुराचा वास जंगलात तुमच्या आधी पोचतो. थेंब कापडावर गोळा न होता पसरायला लागले की लेबलवर परवानगी असेल तर पातळ सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा. तरीही पसरत असतील तर पाणी झटकणारा स्प्रे मारायची वेळ झाली.

पावसाळा संपला की गेटर प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकणं ही सर्वात महागडी चूक. दमटपणात पॉलियुरेथेनचा लेप आतूनच कुजतो. पुढच्या जूनमध्ये पिशवी उघडल्यावर आंबट वास येतो, आतली बाजू बोटाला चिकटते आणि पापुद्रे सुटतात. अशा कापडावर स्प्रे, सीलर, काहीच चालत नाही. पूर्ण वाळवून, मोकळ्या हवेत टांगून ठेवा आणि दिवाळीनंतर एकदा उन्हं दाखवायच्या ऐवजी सावलीतच पुन्हा झटका.

खालची पट्टी मात्र झिजणारच, ती सुटी बदलता येणारी असेल तेच गेटर घ्या. तारेची पट्टी टिकते पण कातळावर किर्रकिर्र करते, जाड रबरी किंवा नायलॉनची बरी. जुनी तुटली की २० मिलिमीटर रुंदीची नायलॉन पट्टी घेऊन बाजारातल्या बूट दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, तो दोन्ही टोकांना चौकटीत टाके घालून देतो. सॅकमध्ये तीन मिलिमीटर जाडीची दोन मीटर दोरी ठेवा. वाटेत पट्टी तुटली तर दोरी दोन्ही कड्यांतून दोनदा फिरवा, तळव्याच्या खोबणीत बसवा आणि गाठ बाहेरच्या बाजूला मारा. तळव्याखाली गाठ आली तर शंभर पावलांत झिजून सुटते.